टपावरचं सोलर: पुणे ते धोलावीरा, नऊ दिवस

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पुण्याहून अहमदाबाद, भुज, खावडा करत धोलावीराला जाऊन आलो. आम्ही तिघं, राहण्याजोगी करून घेतलेली जुनी ट्रॅव्हलर आणि टपावर 100 वॅटची दोन पॅनेलं. एक वाकणारं, एक काचेचं. कुठलं बरं, यावर निघण्याआधी दोन महिने घोळ घातला होता, म्हणून दोन्ही लावली आणि पॅनेलची वीज बॅटरीत नीट भरणारे कंट्रोलरही वेगळे ठेवले.

दुकानात सगळा भर वजनावर. वाकणारं साधारण दोन किलो, काचेचं फ्रेमसकट सात. पण ट्रॅव्हलरएवढ्या गाडीला पाच किलोंनी काय होतं? टप फायबरचा किंवा गाडी लहान असेल तरच ते मोजा. वाकणारं घेण्याचं आमचं कारण एवढंच की टपाचा पुढचा उतार गोल आहे, तिथे काचेचं बसत नाही.

ते मी थेट पत्र्यावर चिकटवलं, इथे चुकलो. पॅनेल तापून 25 अंशांच्या वर गेलं की दर अंशाला साधारण 0.3 ते 0.4 टक्के वीज घटते. काचेच्या पॅनेलखाली हवा खेळते. वाकणाऱ्याच्या खाली तापलेला पत्रा. खावड्यात दुपारी हात लावला तर चटकाच बसला. परत आल्यावर खाली पोकळ पॉलिकार्बोनेटचा शीट घातलाय. तुम्ही आधीच घाला.

दुसरी गोष्ट मला तिथे गेल्यावरच उमगली. डिसेंबरअखेर कच्छमध्ये सूर्य ऐन दुपारीही क्षितिजापासून 43 अंशांच्या आसपासच वर असतो. आडव्या पॅनेलवर थेट उन्हाचा जेमतेम दोन तृतीयांश भाग पडतो. काचेच्या पॅनेलला मी एका बाजूने बिजागऱ्या लावल्या होत्या. मुक्कामी गाडी नीट लावून ते दक्षिणेकडे उचललं की विजेचा आकडा लगेच चढायचा. चिकटवलेलं कसं उचलणार? हिवाळ्यात एकाच जागी दोन-तीन दिवस राहणार असाल तर माझं मत काचेच्या बाजूने.

भुजमध्ये टपावर सामान बांधताना वाकणाऱ्या पॅनेलवर माझा गुडघा टेकला. वरून ओरखडाही नाही, पण त्या दिवसापासून वीज कमी झाली ती झालीच. आतल्या सेलना तडे गेले असणार. वाकतं म्हणून त्यावर भार टाकू नका. घेताना वरचा थर ईटीएफई या टिकाऊ प्लॅस्टिकचा आहे का विचारा. पीईटी या साध्या प्लॅस्टिकचा उन्हात लवकर पिवळा पडतो.

फ्रिज, दिवे, तीन फोन यांना 100 अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी पुरली. ढगाळ दिवसासाठी मात्र चालत्या इंजिनावर चार्ज होण्याची सोय हवीच. अहमदाबाद ते भुज या टप्प्यात आमची बॅटरी तशीच भरली.

रणात मिठाची बारीक धूळ बसते. कोरड्या फडक्याने पुसलं तर चरे पडतात, आधी पाणी ओता. खावड्याच्या पुढे जाताना त्यासाठी वीस लिटरचा एक कॅन वेगळा घ्या.