वर थालीपीठ की हिंदमाता?

एका मराठी पोर्टलला वाचकांच्या मतांवर चालणारी यादी हवी होती. डिग, रेडिट आणि हॅकर न्यूज या वाचकांच्या मतांवर दुव्यांचा क्रम लावणाऱ्या साइट. त्यांची तुलना करून त्यातली एक पद्धत सुचवायचं काम माझ्याकडे आलं. आमच्या सेल्सवाल्यांना अशा तक्त्यात एकच रकाना दिसतो, 'युजर किती'. खरी गोम असते ती कुठली साइट मजकूर किती वेगाने शिळा ठरवते, यात.

हॅकर न्यूजचं सर्वपरिचित सूत्र असं: मतांतून एक वजा करायचं, पोस्टच्या वयात दोन तास मिळवून त्याचा १.८ घात काढायचा आणि त्याने भागायचं. रेडिटच्या 'हॉट' यादीत मतांचा लॉगॅरिदम धरतात, म्हणजे दहाची शंभर मतं झाली तरी वजन एका पायरीनेच वाढतं, आणि साडेबारा तासांनी नवी असलेली पोस्ट दहापट मतांना भारी पडते.

जुलैत लोअर परळला पोर्टलच्याच ऑफिसात डेमो होता. बाहेर धो धो. निवडक वाचकांवर चाचणी चालू होती आणि स्क्रीनवर दोन्ही याद्या शेजारी शेजारी. आदल्या संध्याकाळची थालीपीठाची पोस्ट, वय पंधरा तास, मतं २००. दादर-परळमधल्या हिंदमाताला पाणी भरल्याची बातमी, वय अर्धा तास, मतं ९. हॅकर न्यूजच्या सूत्राने थालीपीठाला १.२ आणि पाण्याला १.५, बातमी वर. रेडिटच्या सूत्राने थालीपीठच वर, बातमीला आणखी पाचेक मतं हवी होती. आकडे इतके चोख जुळून आले, की मी मनातल्या मनात खूश झाले.

संपादकबाई मात्र म्हणाल्या, "अहो, थालीपीठावर जाहिरात आहे. आमचं आम्हाला वर ठेवता नाही का येणार?" मी डिगचं उदाहरण दिलं. २०१० च्या ऑगस्टमध्ये त्यांनी नव्या आवृत्तीत प्रकाशकांचे फीड, म्हणजे त्यांचा मजकूर आपोआप, थेट आत घेतले, नापसंतीचं 'बरी' (bury, पुरून टाका) बटण काढलं आणि वाचक तडक रेडिटवर गेले. बाई हसल्या. मालक लोकांना ही गोष्ट सांगून काही उपयोग होत नाही, प्रत्येकाला वाटतं आपले वाचक तसे नाहीत.

पण दुपारी साडेबारालाही पाण्याची बातमी पहिलीच. तोवर मतं साठ झालेली, आणि पाणी तर केव्हाच ओसरलेलं. रेडिटवर मत खाली देता येतं, हे मी सांगितलं. पण दादरहून परळला पोचलेला माणूस सकाळची बातमी खाली ढकलायला परत कशाला येईल? घड्याळ सूत्राला कळतं, पाणी उपसायचे पंप चालू झाले ते नाही. दुसऱ्या कुठल्या साइटने हे नीट सोडवलंय का, ते अजून शोधतेय.

तूर्त प्रस्तावात बातमी मोडीत काढायचं एक बटण संपादकांच्या हाती दिलंय. रात्रपाळीला ते कोण दाबणार, यावर त्यांची मीटिंग व्हायची आहे.