मिटलेली छत्री

सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोक पक्षी बघायला जाणं हा आता भाबडा कार्यक्रम झालाय. १९७९ साली ज्याच्यासाठी अभयारण्य झालं, तोच तिथे दिसेनासा झाला. आपण काळविटं बघायची, चंडोल ऐकायचे आणि मुकाट बार्शी रोडला लागायचं.

परवा दुपारी दुर्बिणीने डोळे शिणले म्हणून खाली बघितलं, तर वारुळाच्या अंगाला चार-पाच पांढऱ्या, खवलेदार अळंब्या. वीतभर उंच. सोबतचा वनमजूर म्हणाला, "कुत्र्याची छत्री हाय ती."

छत्री खरी, पण मिटलेली! वहीत आपण काढायचो ती ऐटीत पसरलेली छत्री नव्हे. ही टोपी दांड्याला घट्ट लपेटून उभी. पोडॅक्सिस तिचं नाव. कोरड्या मुलखातली, वारुळांच्या आसऱ्याने राहणारी. ही जन्मभर नीट उघडतच नाही. उभ्याउभ्या वाळते, आतल्या आत काळपट पूड होते, मग टोपीची कड खालून फाटते आणि उरलेलं काम वारा करतो. सोलापुरात पावसाच्या भरवशावर कोण बसणार? वारा मात्र फुकट आणि भरपूर.

मला आजोबाच आठवले. मिलच्या भोंग्याआधी घरातून निघायचे ते सदऱ्याच्या कॉलरला मागे काळी छत्री अडकवून. मृग असो की मार्गशीर्ष. एकदा बाजारातून येताना सर आली. मी वर बघतोय, आता उघडतील, मग उघडतील. आजोबांनी छत्री धोतराच्या सोग्यात गुंडाळली, काखेत मारली आणि मला ओढत एका पेढीच्या पायरीवर नेलं. दोघं चिंब.

"आजोबा, छत्री?"

"भिजंल की बे!"

ते गेल्यावर ती छत्री आम्ही उघडली. कापड घडीघडीवर विरलेलं, आत उजेडाच्या रेघा. पाऊस तिने बघितलाच नसावा. माझ्या पिशवीतही बाराही महिने एक छत्री असते. फोल्डिंगची. तिच्याबद्दल विचारू नये.

वनमजूर पुढे गेला तसं मी एका वाळक्या टोपीला बोट लावलं. काळी भुकटी बोटभर. ऑस्ट्रेलियातले मूळचे रहिवासी याच पुडीने पिकल्या मिशा काळ्या करायचे, असं वाचलं होतं. इकडेतिकडे बघितलं. काळवीट लांब होतं.

घरी आल्यावर बायकोने दारातच रोखून बघितलं.

"तोंडाला काय लागलंय?"

"माळढोक नाही दिसला," मी म्हणालो.

"आधी तोंड धुऊन या. भाकरी तव्यावर आहे."