शिंकलं की थोडं होतं

काल एक चार्ट, म्हणजे एका पेशंटच्या नोंदी, अडवून ठेवला. हडपसरला बसून मी अमेरिकेतल्या युरॉलॉजीच्या (मूत्रविकारांच्या) केसेसचं कोडिंग करते, म्हणजे विम्याच्या बिलासाठी निदानाला आणि उपचाराला ठरलेले कोड देते, त्यातलाच. ऑपरेशन स्लिंगचं, म्हणजे मूत्रमार्गाला पट्टीचा आधार देण्याचं; उपचारांच्या कोडांत (सीपीटी) ते ५७२८८. त्या कोडच्या व्याख्येतच ‘स्ट्रेस इन्कॉन्टिनन्स’, म्हणजे पोटावर दाब आला की लघवी गळणं, आहे. आणि डॉक्टरांनी निदान काय लिहिलंय, तर नुसतं ‘युरिनरी इन्कॉन्टिनन्स’. एवढ्यावर मला निदानाचा कोड आर ३२ द्यावा लागतो. आर ३२ म्हणजे लघवी सुटते, कोणत्या प्रकारची ते सांगितलेलं नाही. असा क्लेम विमा कंपनीकडे गेला की डिनायल, म्हणजे नकार, ठरलेलंच समजा.

नर्सच्या नोंदीत होतं, खोकताना, शिंकताना गळते. म्हणजे स्ट्रेस, एन ३९.३, हे शिकाऊ कोडरही सांगेल. माझ्या टीममधली नवी मुलगी म्हणालीच, “ताई, टाकून द्या ना, दिसतंय की!” नाही टाकायचं. निदान डॉक्टरांनीच लिहायचं. मी त्यांना क्वेरी, म्हणजे विचारणा, पाठवली, तीही ‘स्ट्रेस लिहा’ अशी नाही. प्रकार स्पष्ट कराल का, एवढीच.

अचानक घाई होऊन वाटेतच सुटत असेल तर तो एन ३९.४१, आणि दोन्ही असेल तर मिक्स्ड, एन ३९.४६. उपचारही वेगळे. घाईच्या त्रासाला औषधं असतात, त्यांनी भागलं नाही तर दुर्बिणीतून मूत्राशयात बोटॉक्सचं इंजेक्शन, कोड ५२२८७.

हे इतकं जीव तोडून सांगतेय ते आईमुळे. दिवाळीत कळलं, तिने भजनी मंडळात जाणं सोडलंय. खोदून विचारलं तेव्हा पदराशी चाळा करत म्हणाली, “काही नाही गं, शिंकलं की थोडं होतं.” घडी घातलेली सुती फडकी उशीखाली ठेवलेली. मी मनात लगेच एन ३९.३ लावून मोकळी झाले.

डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बसवलं आणि तिला एकटीला विचारलं. बाहेर आल्यावर कागद पाहिला: मिक्स्ड. किल्ली कुलपात घालेपर्यंतही थांबवत नाही, हे तिने मला सांगितलंच नव्हतं.

आता ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम चालू आहेत. भाजी निवडताना करते, बोटांवर मोजत.

आज क्वेरीचं उत्तर आलं. स्ट्रेसच होतं.