वासोटा : एक बाटली कमी

वासोट्याच्या किल्ल्यावर निघायच्या आदल्या रात्री '१२७ अवर्स' हा सिनेमा बघायची कल्पना माझ्या भाच्याची. 'आत्या, जरा वातावरणनिर्मिती,' म्हणाला. पहाटे तीनला सांगलीतून गाडी निघणार होती, भडंगाच्या पुड्या बांधून झाल्या होत्या, झोप येणार नव्हतीच. मग बसलो. आई शेजारी माळ ओढत होती. इंग्रजी तिला कळत नाही, पण दर दहा मिनिटांनी मान वर करून विचारायची, 'अजून नाही का निघाला हात?'

नाहीच निघत तो. ॲरन राल्स्टन हा पेशाने मेकॅनिकल इंजिनिअर, नोकरी सोडून डोंगर चढत फिरणारा, सत्तावीस वर्षांचा. २६ एप्रिल २००३ ला, शनिवारी, अमेरिकेतल्या युटा राज्यात ब्लूजॉन कॅन्यन नावाच्या अरुंद घळीत एकटाच उतरला. वरची शिळा निसटली आणि त्याचा उजवा हात भिंतीशी चेचून बसली. साडेतीनशे किलोच्या वरचं धूड ते. जवळ अर्ध्या लिटरलाही कमी पाणी, खायला दोन बरिटो म्हणजे मेक्सिकन रोल, दोर, व्हिडिओ कॅमेरा आणि एक फुटकळ चाकू. शेवटी हाताची दोन्ही हाडं त्याने स्वतः पिरगाळून मोडली, त्या बोथट पात्याने हात कापला, एका हाताने दोरावरून सुमारे वीस मीटर खाली उतरला आणि चालायला लागला. वाटेत एक डच कुटुंब भेटलं. त्यांनी पाणी दिलं, ओरिओ बिस्किटं दिली. अडकल्यापासून सुटकेपर्यंत गेले ते १२७ तास.

डॅनी बॉइलने २०१० मध्ये यावर सिनेमा केला. जेम्स फ्रँको जवळजवळ पूर्ण वेळ एकटा पडद्यावर. संगीत आपल्या रेहमानचं. ऑस्करची सहा नामांकनं मिळाली, त्यातली दोन रेहमानची. हात कापायच्या प्रसंगाला काही ठिकाणी प्रेक्षकांना भोवळ आली होती म्हणे. आमच्याकडे भाच्याने उशी तोंडावर घेतली. आईने मात्र डोळे न मिटता सगळं बघितलं. आयुष्यभर मासळी साफ करणाऱ्या बाईला रक्ताचं काय कौतुक.

मला आधीही हा सिनेमा आवडला होता, पण खरं सांगायचं तर दोन गोष्टी खटकतात. सुरुवातीला त्याला दोन मुली भेटतात आणि तिघं घळीतल्या पाण्यात उड्या मारतात, ते सगळं बेतलेलं आहे. प्रत्यक्षात त्याने त्यांना कातळ चढायच्या एकदोन युक्त्या दाखवल्या, इतकंच. आणि एवढ्या भीषण गोष्टीला मधूनमधून जाहिरातीसारखा झगमगाट कशाला हवा होता? असो. पण एक जागा मात्र लाखमोलाची आहे. निघायच्या घाईत तो फडताळाच्या वरच्या खणात हात घालून चाचपडतो. चांगला स्विस चाकू तिथेच, बोटांपासून वीतभर लांब पडलेला. तो आपल्याला दिसतो, त्याला दिसत नाही. तेवढ्यात फोनच्या मशीनवर बहिणीचा आवाज येतो, आईला फोन कर, ती काळजी करते. हा ऐकतो आणि निघून जातो. कुठे चाललोय हे त्याने कुणालाच सांगितलेलं नसतं.

सिनेमा संपल्यावर आईने एकच प्रश्न विचारला. 'घरात सांगून गेला नव्हता ना?'

'नव्हता.'

'मग!' म्हणाली, आणि उठून भिंतीवरच्या कालनिर्णयावर पेनने लिहिलं : वासोटा, बामणोली, अकरा जण, रात्री परत. भाच्याला हसू आलं. 'आजी, लोकेशन शेअर करतो ना मी.' आजीने पेनचं टोपण लावलं.

सांगली ते सातारा या रस्त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. कराडपासून धुकं होतं, उंब्रजला चहा झाला. सातारा शहर झोपेत असतानाच यवतेश्वरचा घाट चढलो. जानेवारीतलं कासचं पठार म्हणजे लग्न उरकलेला मांडव. फुलांचं नाव नाही, नुसतं पिवळं पडलेलं गवत. पुढे उतार लागतो आणि झाडांच्या फटीतून शिवसागर जलाशय दिसायला लागतो. कोयनेचं पाणी इतक्या आत, इतक्या घड्यांमध्ये शिरलंय की कुठली बाजू काठ आणि कुठली बेट, हे कळायला वेळ लागतो.

बामणोलीत पोहे खाल्ले, वनखात्याच्या कचेरीत आधारकार्डांच्या झेरॉक्स दिल्या, परवानगीचा कागद घेतला आणि लाँचमध्ये बसलो. भाच्याच्या फोनची रेंज तिथेच गेली. लोकेशन बामणोलीच्या धक्क्यावर जे गोठलं ते रात्रीपर्यंत तिथेच. दीडेक तासाचा पाण्यातला प्रवास. इंजिनाचा आवाज एवढा की कुणी कुणाशी बोलत नाही, ते एक बरं. लाँचवाल्याने मध्येच एका ठिकाणी बोट पाण्याकडे केलं. 'आमचं जुनं गाव हितं खाली हाय.' एवढंच बोलला. धरण झालं तेव्हा तो जन्मलाही नसणार. तरी म्हणताना 'आमचं' म्हणाला.

पलीकडच्या काठाला मेट इंदवलीची चौकी. इथून कोयना अभयारण्य सुरू होतं, आता सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग. प्रकल्प २०१० चा, म्हणजे त्या सिनेमाच्याच वयाचा. चौकीवरच्या गार्डने प्रत्येकाची सॅक उघडायला लावली. प्लॅस्टिकच्या बाटल्या, पुड्या, चॉकलेटचे कागद, सगळं मोजून वहीत लिहिलं आणि अनामत रक्कम घेतली. परत येताना मोजून दाखवा, पैसे घ्या. आमच्या खात्यावर लागल्या एकोणीस बाटल्या. त्याच पानावर वर अकरा नावं, शेजारी आत गेल्याची वेळ आणि 'परत' या शब्दाखाली कोरा रकाना.

'संध्याकाळच्या आत खाली पाहिजे. मुक्काम न्हाई,' गार्डने बजावलं. बरोबर एक वाटाड्या दिला. पन्नाशीचे, शिडशिडीत, पायात रबरी बूट, कमरेला कोयता. सगळे त्यांना मामा म्हणायला लागले.

वासोट्याचं जंगल दिवसाही संध्याकाळसारखं असतं. अंजन, जांभूळ, हिरडा, त्यांना लटकलेल्या मांडीएवढ्या जाड वेली. पाऊलवाटेवर पाचोळ्याचा असा थर की स्वतःच्याच पावलांचा आवाज मागून कुणी आल्यासारखा येतो. ओढ्याकाठी मारुती आणि गणपती आहेत, तिथे सगळ्यांनी हात जोडले. मामांनी एका चिखलाच्या जागी थांबून गव्याचे खूर दाखवले. ताजे होते. त्यानंतर बराच वेळ आमच्यातला एकही जण मोठ्याने बोलला नाही.

दोन तासांच्या चढणीनंतर फुटक्या पायऱ्या, दरवाजाचे अवशेष आणि मग बिनछपराचा मारुती. गडावर महादेवाचं देऊळ आहे, पाण्याचं टाकं आहे, चुन्याचा घाणा आहे. आणि बाबूकडा! घोड्याच्या नालेसारखा वळलेला काळा कातळ, समोर जुना वासोटा, आणि खाली नजर टाकली की थेट कोकण. पोटावर झोपून कड्यापर्यंत सरकावं लागतं. मी सरकले, बघितलं, आणि तशीच पालथी मागे सरकले.

या गडाची गंमत अशी की लढायांपेक्षा तो कैदेसाठीच जास्त वापरला गेला. महाराजांनी १६६० मध्ये तो घेतला तेव्हापासून. दुसऱ्या बाजीरावाने तर साताऱ्याच्या छत्रपतींच्या कुटुंबाला इथे ठेवलं, आणि हंटर आणि मॉरिसन या दोन इंग्रज अधिकाऱ्यांनाही. एप्रिल १८१८ मध्ये गड इंग्रजांच्या हाती गेला तेव्हा ते सुटले. कोट, तट मोठे नसले तरी चालतं. भोवतालचं रानच पहारा देतं. या गडावरून लढली ती ताई तेलीण. औंधच्या पंतप्रतिनिधींना पेशव्यांनी कैद केलं तेव्हा तिने त्यांना सोडवलं आणि नंतर याच गडाच्या आसऱ्याने पेशव्यांचे सेनापती बापू गोखले यांच्या फौजेला झुंजवलं. 'तेलीण मारी सोटा, बापू गोखल्या सांभाळ कासोटा' हे तेव्हापासूनचं. भाच्याने ते तिथल्या तिथे पाठ केलं आणि उतरताना निम्मी वाट तेच म्हणत होता.

आता उतरताना काय झालं ते. सांगायला लाज वाटते, पण सांगते.

ओढ्याच्या अलीकडे मला जरा आडोशाला जायचं होतं. पुरुषांना अशा वेळी काही सांगावं लागत नाही. बाईने अकरा जणांच्या टोळक्यात काय जाहीर करायचं? पुढचे गप्पांत होते. मी थांबले, वाट सोडली आणि धोंड्यांवरून ओढ्यात वर गेले. कुणालाही न सांगता. येताना एका गुळगुळीत दगडावरून पाय सटकला आणि उजवा पाय दोन धोंड्यांच्या फटीत घोट्यापर्यंत गेला. लागलं असं काही नाही. खरचटलं. ओढला, आला नाही. जोरात ओढला, तर बूट आणखी घट्ट बसला.

हाक मारली. रानाने ती गिळून टाकली. दुसरी मारायला तोंड उघडलं आणि ते सकाळचे खूर आठवले. मिटलं.

मग मी हसले, कारण मी नकळत सॅक उघडून वस्तू मांडायला लागले होते. काल रात्री सिनेमात तो राल्स्टन असंच सगळं शिळेवर मांडत होता. माझ्याकडे अर्धी बाटली पाणी, शेंगदाण्याची अर्धी चिक्की, आधारकार्डाची झेरॉक्स, रेंज नसलेला फोन, बाम आणि नेलकटर. बाटली मी बाजूच्या खोबणीत नीट उभी केली, सांडू नये म्हणून. नाडीची गाठ दगडाच्या खाली गेलेली, बोटं पोचत होती पण सुटत नव्हती. नेलकटरला ते छोटं पातं असतं ना, ज्याचा आयुष्यात कुणी कधी उपयोग करत नाही? त्याने नाडी कापायला घेतली. एकेक धागा. हात थरथरत होते आणि नाडी चांगल्या कंपनीची होती, तिचा तेव्हा मनापासून राग आला. शेवटी पाय मोज्यासकट बाहेर आला. बूट तिथेच. सगळं मिळून वीस मिनिटं झाली असतील.

मी एका पायावर उभी राहून बुटाशी झटापट करत होते तेव्हा वरून आवाज आला. 'ताई, हलू नका.'

मामा. ओढ्यातल्या मारुतीपाशी त्यांनी डोकी मोजली, दहा भरली, बाकीच्यांना तिथेच बसवलं आणि आले. वाट कुठे सोडली हे त्यांना पाचोळ्यावरून कळलं. त्यांनी कोयत्याने एक काठी तासली, फटीत घातली, एक हिसका दिला आणि बूट माझ्या हातात दिला. मग कमरेच्या पिशवीतून गुळाचा खडा काढून पुढे केला. मी काही ओरिओची अपेक्षा करत नव्हते, पण गुळाने डोळ्यांत पाणी आलं ते आलंच.

'सांगायचं व्हय,' एवढंच म्हणाले. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

खाली जाताना सिनेमात न दाखवलेलं काहीतरी माझ्या डोक्यात घोळत होतं. तो माणूस कामावर आला नाही म्हणून चौकशी सुरू झाली, त्याची आई हात धुऊन मागे लागली, घळीच्या वाटेवर उभी केलेली त्याची गाडी रेंजर लोकांना सापडली. तो हात कापून बाहेर आला तेव्हा हेलिकॉप्टर त्याला आधीच शोधत होतं. नुसतं चालून तो गाडीपर्यंत पोचला नसता, इतकं रक्त गेलं होतं. आणि शिळेखालचा हात नंतर काढायला तेरा माणसं, जॅक आणि विंच लागलं. चाकूची गोष्ट सगळे सांगतात. मी पण काल रात्रीपर्यंत तीच सांगत होते.

चौकीवर गार्डने वही उघडली. अकरा नावांपुढे एकेक करून खूण केली, माझ्या नावापाशी मामांनी काही सांगितलं नाही. मग सॅका रिकाम्या करायला लावल्या आणि बाटल्या ओळीने उभ्या केल्या. गार्डने दोनदा मोजल्या.

'अठरा. एक कमी हाय.'

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मला ती दिसत होती, खोबणीत सरळ उभी, अर्धी भरलेली, झाकण घट्ट लावलेली.

'माझी आहे,' मी म्हटलं. 'ओढ्यात राहिली.'

गार्डने वहीत 'एक कमी' लिहिलं, नियमाप्रमाणे पैसे कापले आणि उरलेले मोजून दिले. लाँचवाला हॉर्न मारत होता. मामा पाण्यापर्यंत सोडायला आले. मी फळीवर एक पाय ठेवला तेव्हा म्हणाले, 'मंगळवारी पुन्हा एक टोळी घिऊन वर जायाचंय. जागा ठावं हाय मला. पैसं काय परत मिळायचं न्हाईत, पर बाटली आणतो.'