मत नव्हतं, तरी नकाशा काढला

मी ग्रीन कार्डवाला, बायको नागरिक झालेली. मतपत्रिकेचं पाकीट आलं की ती खुणा करायची आणि मी शेजारी बसून फुकटचे सल्ले द्यायचो. कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोभोवतीच्या बे एरियातल्या आमच्या शहरात तेव्हा नगर परिषदेचे सगळे सदस्य अख्ख्या शहरातून निवडून येत. वॉर्ड हा प्रकारच नव्हता. पुण्यात वाढलेल्या मला प्रश्न पडायचा, दिव्याचा खांब बंद पडला तर धरायचं कुणाला?

मग शहराला एका वकिलाचं पत्र आलं: विभागवार मतदान घ्या, नाहीतर कोर्टात भेटू. कॅलिफोर्नियाच्या २००१ च्या मतदान हक्क कायद्यानुसार, शहरभरच्या मतदानात अल्पसंख्याकांची मतं सतत बुडत असतील तर शहराला कोर्टात खेचता येतं. पामडेल शहर लढलं, हरलं आणि २०१५ च्या तडजोडीत समोरच्या वकिलांच्या फीपोटी ४५ लाख डॉलर कबूल करून बसलं. त्यापेक्षा पत्र आल्यावर ४५ दिवसांत विभागवार मतदानाचा ठराव करायचा, पुढच्या ९० दिवसांत विभाग पाडायचे; मग पत्रवाल्याला द्यायचा खर्च तेव्हा ३० हजार डॉलरच्या आसपास थांबायचा. आमच्या शहराने मुकाट्याने दुसरी वाट धरली. शेजारच्या फ्रीमॉंटमध्येही २०१८ पासून विभागवार मतदान सुरू झालं.

शहराच्या पहिल्या दोन जाहीर सुनावण्या नकाशा हाती नसतानाच होतात. तिथे कळलं की विभागांची लोकसंख्या जवळपास सारखी हवी आणि त्यात माणसं मोजतात, मतदार नाही. म्हणजे व्हिसावाले, ग्रीन कार्डवाले, पाळण्यातली पोरंसुद्धा! घरात मत एकच, पण मोजणीत आम्ही चौघं. मग गप्प कशाला बसायचं?

नागरिकांना स्वतःचा नकाशा देता येत होता. कागदावर शहराचे छोटे तुकडे, प्रत्येकात लोकसंख्येचा आकडा. जेवणाच्या टेबलावर लेकीचे क्रेयॉन आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसलो. सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान विभागातला फरक दहा टक्क्यांच्या आत ठेवायचा. आमची अपार्टमेंट आणि पलीकडची किराणा दुकानं एका रंगात आणली की तिकडे हिरवा विभाग फुगायचा. रात्री साडेबाराला जमलं, तर एक तुकडा बिनरंगाचाच राहिलेला. पुन्हा पहिल्यापासून.

सुनावणीत तीन मिनिटं मिळाली. दोन मिनिटं मी ओळख करून देण्यातच घालवली (आपली सवय), आणि मुद्द्यावर येईतो लाल दिवा लागला. माझा नकाशा काही निवडला गेला नाही, पण मंजूर झालेल्या नकाशात आमची अपार्टमेंट आणि दुकानं एकत्र राहिली. माझ्यामुळे की आपसूक, कोण जाणे.

नोव्हेंबरच्या निवडणुकीचं पाकीट आलं. बायकोने मतपत्रिका उलटसुलट पाहिली. नगर परिषदेचं नावच नाही! निम्म्या विभागांचं मतदान आत्ता, उरलेल्यांचं दोन वर्षांनी, आणि आम्ही उरलेल्यांत.

"एवढे क्रेयॉन झिजवलेस ते यासाठी?" ती म्हणाली.