रंग न उलगडलेले इंद्रधनुष्य

लंडनच्या रॉयल अकॅडमी या कलासंस्थेने 1798 मध्ये चित्रकारांना प्रदर्शनाच्या सूचिपत्रात चित्राच्या नावाखाली कवितेच्या ओळी छापण्याची मुभा प्रथमच दिली, आणि तेव्हा जेमतेम 23 वर्षांचा असलेल्या इंग्रज चित्रकार टर्नरने ती संधी लगेच साधली. इंग्लंडमधल्या कॉनिस्टनच्या डोंगरांतल्या सकाळच्या चित्राखाली त्याने कवी मिल्टनच्या ओळी दिल्या, तर तिथल्याच बटरमिअर तलावावरील पावसाच्या सरीच्या तैलचित्राखाली कवी जेम्स थॉमसनच्या ‘द सीझन्स’ या ऋतूंवरच्या काव्यामधील वसंतवर्णनातल्या.

थॉमसनच्या मूळ उताऱ्यात सर ओसरताना मावळतीकडे झुकलेला सूर्य एकाएकी बाहेर येतो, डोंगर उजळतात, पिवळसर धुके पसरते आणि विराट इंद्रधनुष्य आपले सारे रंग उलगडत वर चढते. मध्येच दवबिंदू चमकतात, रान गाऊ लागते, ओढे खळाळतात, डोंगरावरून मेंढ्यांचे ओरडणे ऐकू येते. टर्नरने हा मधला सगळा भाग गाळला आणि उरलेल्या ओळी एकमेकींना जोडून घेतल्या. म्हणजे कवितेतला नाद त्याने बाजूला ठेवला आणि फक्त प्रकाश उचलला. चित्रकाराने कविता कशी वाचावी, याचा याहून चांगला नमुना मला तरी ठाऊक नाही.

पण खरी गंमत पुढेच आहे. ‘सारे रंग उलगडते’ ही ओळ त्याने कायम ठेवली, आणि चित्रातले इंद्रधनुष्य मात्र जवळजवळ पांढरे रंगवले. धुक्यातले जलकण फार बारीक असले की रंग एकमेकांत मिसळून अशी फिकट कमान खरोखर दिसते, त्यामुळे ही केवळ कल्पनेची भरारी म्हणता येत नाही. शिवाय काळपट डोंगर, गर्द पाणी आणि त्यावरची एवढीशी होडी यांच्यावर सप्तरंगी पट्टा काढला असता, तर तो चिकटवल्यासारखा दिसला असता. ही फिकी कमान मात्र सरीतूनच उजळत आल्यासारखी वाटते आणि तिचे प्रतिबिंब तलावातही उतरते. (छापील प्रतींत कमानीचा हा फिकेपणा बहुधा हरवतो, मूळ चित्र लंडनच्या टेट संग्रहात आहे.)

पुढे 1812 मध्ये आल्प्स पर्वत ओलांडणाऱ्या हॅनिबल या प्राचीन कार्थेजच्या सेनापतीच्या चित्राला त्याने ‘फॅलसीज ऑफ होप’ या स्वतःच्याच काव्यातल्या ओळी जोडल्या. कवी म्हणून टर्नर बेताचाच होता. त्या चित्रातले काळे वादळ मात्र सैन्याला असे झाकोळून टाकते की हॅनिबलचा हत्ती क्षितिजावर शोधावा लागतो.