मुलांच्या आत्याला मी अजून फोन का करते

"घटस्फोट झाला, मग त्या घरच्यांना फोन कशाला करता?" परभणीत हा प्रश्न मला सारखा ऐकावा लागतो. तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगते.

मी फोन करते तो मुलांच्या आत्याला, गंगाखेडच्या आक्काला. विचारते ते दुखण्यांचंच. कोणाला काय झालं, कितव्या वर्षी झालं, कोणती गोळी चालू आहे. माझ्या लेकरांना निम्मं त्या घरातून आलंय आणि ते माझ्या माहेरच्या फायलींत सापडणार नाही.

सासरी होते तेव्हा मुलांचे आजोबा 'अटॅकनं गेले' एवढंच ठाऊक होतं. वय कोणी सांगितलं नव्हतं. आक्का म्हणाली, अठ्ठेचाळीस. डॉक्टरांच्या लेखी सगळा फरक तिथेच पडतो. वडील किंवा भावाला 55 च्या आत, आई किंवा बहिणीला 65 च्या आत हृदयविकार झाला असेल, तर तो घराण्यातला धोका धरतात. मग आक्कानं थोरल्या भावाचंही सांगितलं. त्यालाही चाळिशीतच त्रास झाला आणि कोलेस्टेरॉल भलतंच वाढलेलं निघालं. काही घराण्यांत ते जन्मापासूनच जास्त असतं. आईबापांपैकी एकाला तो दोष असला, तर प्रत्येक मुलात तो येण्याची शक्यता 50 टक्के. मूल सडपातळ असो, दिवसभर उड्या मारणारं असो, बाहेरून काही कळत नाही. रक्त तपासलं की कळतं, तेही लहानपणीच. दोघांची तपासणी झाली ती या फोनमुळेच. मुलीचं ठीक आलं, मुलाचं परत बघायचंय.

आक्का पटकन सांगत नाही. "वैनी, लेकराचं आहे म्हणून सांगायलेय, भाऊला कळू देऊ नका," असं आधी म्हणते. मला तिची भीती कळते. आपल्याकडे फिट येणं, कोड, मनाचा आजार ही नावं घरात हळू आवाजात घेतात, कारण पुढं सोयरीक अडते. कायद्यानंही ती भीती वाढवलेली. हिंदू विवाह कायद्यात फिट येणाऱ्याच्या लग्नाला 1999 पर्यंत आडकाठी होती. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून 2019 पर्यंत कायम होतं, आणि गंभीर मानसिक आजार आजही आहे. कोर्टात आपल्यावरच उलटेल अशी माहिती कोण देईल? म्हणून मी आक्काला शब्द दिलाय की तिनं सांगितलेलं मुलांच्या डॉक्टरांपलीकडे जाणार नाही. पोटगीच्या भांडणात तर मुळीच नाही. असं वापरणाऱ्या माणसाचा मला राग येतो. एकदा वापरलं की ते घर कायमचं तोंड मिटतं आणि भोगतं लेकरू.

माझ्या बाजूचंही मी तिकडे कळवलंय. आईची साखर, मामाचा दमा, मुलाला पेनिसिलिन चालत नाही ते. उन्हाळी सुट्टीत मुलं वडिलांकडे पुण्याला असतात. तिथे ताप आला तर तिथल्या डॉक्टरला हे सांगणार कोण? आमच्यात बोलणं नाही, पण व्हॉट्सॲपवर कागदाचा फोटो टाकायला बोलावं लागत नाही.

ज्यांचं अजून कोर्टात चालू आहे त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. मुलांचा ताबा, पालनपोषण आणि शिक्षण याबद्दल हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 खाली कोर्ट आदेश देतं, पुढं तो बदलूही शकतं. घराण्यातल्या आजारांचा शब्द मात्र त्यात नाही. संमतीनं वेगळे होत असाल तर अटींमध्येच वकिलाकडून एक ओळ घालून घ्या, की दोघंही आपापल्या घरचे आजार, नवा निघाला तर तोही, मुलांसाठी लेखी कळवतील. आमच्या अटींमध्ये भांडी आणि दागिने होते, हे नव्हतं.

आक्का आता सप्ताहाला गावी चाललीय. आजोबांचे एक चुलतभाऊ तिथं आहेत, नव्वदीच्या घरातले. पणजोबा कशानं गेले ते त्यांनाच माहीत असेल, विचारून येते म्हणालीय.